बीनंतरचं टिंब

नसीम आपा गेल्याचं मला रफिकच्या फोनवरून कळलं. रविवारची दुपार होती. सकाळीच गॅसचं नवीन सिलिंडर लावलं होतं आणि त्याची तारीख मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहीत होतो. सिलिंडर किती दिवस चाललं, लाइटचं मीटर कुठवर आलं, याच्या नोंदी आमच्या घरात असतात. मुलगी हसते, पण माझा स्वभावच तसा आहे. रफिक म्हणाला, "दिलीपभाऊ, आपा गेली." आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "किती वाजता?"

मग तो म्हणाला, "टाइम कोणी पाह्यला नाही भाऊ. जोहरची नमाज पढून टेकून बसली होती. मी चहा घेऊन गेलो तं..." कसं झालं, तू कसा आहेस, हे सोडून मी वेळ विचारली याची मला तिथल्या तिथं लाज वाटली. आता सहा आठवड्यांनी वाटतं, आपानंही बहुतेक तेच विचारलं असतं. दुसऱ्यांच्या येण्याची वेळ तिनं जन्मभर मिनिटासकट लिहिली. तिच्या जाण्याची वेळ मात्र लिहायची राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कब्रस्तानात गेलो. सगळ्यांनी दिली तशी तीन मुठी माती दिली. बाहेर फाटकाजवळ केनवडकडच्या ज्या गावात आपा नर्स होती तिथून जीप भरून आलेल्या बाया उभ्या होत्या. त्यांतल्या एकीनं मला ओळखलं आणि शेजारणीला म्हणाली, "हेच ते ऑफिसचे भाऊ." ती रागानं बोलली नाही. मी चपला घातल्या आणि मान खाली घालून निघालो.

मी आरोग्य खात्यात लिपिक आहे, आस्थापनेचं टेबल माझ्याकडे असतं. नेमणुका, मुदतवाढी, कोणाची नोंदणी चालू आहे, कोणाची संपली, हे बघणं माझं काम. कोणतं ऑफिस, कोणतं उपकेंद्र हे इथं लिहीत नाही. चूक माझी आहे, खात्याची नाही, आणि ती खात्याच्या नावावर जायला नको.

आमचं घर रिसोडला, बाजारामागच्या गल्लीत. समोर रहीमचाचांचा गादी कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची एक खोली आणि कापूस पिंजायचं मशीन. ते सुरू झालं की कापूस उडून आमच्या अंगणात यायचा आणि आईच्या वाळत घातलेल्या पापडांवर बसायचा. आई ओरडायची, "रहीमभाऊ, पापडाची बी गादी करता का?" चाचा मशीन बंद करून, पापड आत नेईपर्यंत बिडी ओढत बसायचे. नसीम ही त्यांची थोरली, रफिक सगळ्यात धाकटा. आई सोडली तर सगळी गल्ली तिला आपा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. दहावी पहिल्या फटक्यात पास झालेली, आणि नंतर पाच वर्षं गाद्यांच्या खोळी शिवत बसलेली.

मी तेव्हा बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि माझं अक्षर चांगलं होतं. दुपारी कॉलेजातून आलो की ओट्यावर बसून गल्लीतल्या लोकांचे फॉर्म भरून द्यायचो. रेशनकार्डाचे, दाखल्यांचे, भरतीचे. कोणाकडून काही घेत नव्हतो, फक्त एका वहीत नोंद ठेवायचो. क्रमांक, नाव, कशाचा फॉर्म. एक दिवस आपा वाशिमहून नर्सच्या ट्रेनिंगचा फॉर्म घेऊन आली. इंग्रजी, चार पानं. ओट्याखाली उभी राहूनच म्हणाली, "भरून दे दिलीप. पण खाडाखोड नको. एकच फॉर्म देला त्यायनं." मी दोन दिवस घेतले. आधी सगळं कोऱ्या कागदावर लिहून पाहिलं, मग फॉर्मवर. एकही काट आली नाही. वहीत तो एकसष्टावा आहे. तिला प्रवेश मिळाला आणि बत्तीस वर्षं मी मनातल्या मनात त्यातला थोडा वाटा माझा समजत आलो.

ट्रेनिंगनंतर ती बरीच वर्षं वाशिमच्या एका खाजगी दवाखान्यात होती. एकोणीस वर्षांपूर्वी कंत्राटी नर्स म्हणून एका उपकेंद्रावर लागली. ते गाव नेमकं माझं सासर. तोवर मी ऑफिसात लिपिक झालो होतो. महिन्याच्या मीटिंगला ती अहवाल घेऊन यायची. माझ्याकडे अठरा उपकेंद्रांचे अहवाल यायचे आणि बेरीज तपासावी लागायची नाही असा त्यांत एकच असायचा. बाहेर भेटली की दिलीपभाऊ म्हणायची, ऑफिसात मुद्दाम बाबूजी. "घ्या बाबूजी, लाल पेन उघडा. पाहा कुठं चुकली नसीम." मी उघडायचो, पण चूक सापडायची नाही.

बाळंतपण झालं की ती आधी पदराला पिनेनं लावलेलं घड्याळ बघायची आणि वेळ मोठ्यानं म्हणायची. हात मोकळे झाले की लगेच रजिस्टरला. गावातल्या एका म्हाताऱ्यानं एकदा तिला टोकलं होतं, "बाई, मिंट कायले पाहता? पोरगं काय यष्टी पकडून आलं का?" आपा म्हणाली, "पकडून नाही बाबा, चुकवून आलं. आठ दिस लेट हाये." तो म्हातारा पुढं हे सगळ्या गावाला सांगत फिरला. माझी मुलगी त्याच उपकेंद्रात झाली. मी ऑफिसात होतो. गावातून येणाऱ्या जीपवाल्याच्या हाती आपानं चिठ्ठी पाठवली. "मुलगी. ११.४२. दोन किलो आठशे. दोघी ठीक." माझ्यासारख्या माणसाला कोणती बातमी कशी द्यावी हे तिला बरोबर कळत होतं. ती चिठ्ठी मी अजून ठेवली आहे.

तिची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे. त्या भागात एक माणूस मोटारसायकलवर बॅग लटकवून सुया टोचत फिरायचा. शिक्षण नाही, नोंदणी नाही. त्याच्या सुईनं एका पोराचा पाय लुळा पडला. आपा त्या पोराला घेऊन वाशिमला गेली, आणि परत आल्यावर तिनं गावातल्या बायांना एकच शिकवलं. सुई घ्यायच्या आधी नंबर विचारायचा. नोंदणीचा नंबर. "कोणी बी असो. डॉक्टर असो, सिस्टर असो, माह्या बाप असो. नंबर सांग म्हणा, मंग दंड पुढं करा." बायांनी ते इतकं मनावर घेतलं की लसीकरणाच्या दिवशी तिलाच विचारायच्या, "सिस्टर, नंबर?" आणि ती सुई भरता भरता आपला नंबर पाढ्यासारखा म्हणून दाखवायची. त्या गावात लहान लेकरांनाही तो पाठ होता.

हे मी लिहितो आहे ते यासाठी की, नियम चुकीचा होता असं माझं म्हणणं नाही. सुई धरणारा हात कोणाचा आहे हे सरकारनं विचारलंच पाहिजे. आपाचंही तेच म्हणणं होतं. आमच्या दोघांत नियमाबद्दल कधी मतभेद नव्हता.

नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं. आधी ते कागदावर होई, तिचं विनातक्रार झालं. मग सगळं ऑनलाइन आलं आणि आधारवरचं नाव नोंदणीवरच्या नावाशी अक्षरानं अक्षर जुळलं पाहिजे असं झालं. नाही जुळलं तर ऑफिसनं पडताळणी करून कळवायचं. तिची फाईल माझ्या टेबलावर आली. नोंदणी प्रमाणपत्रावर इंग्रजीत होतं NASIM B. SHAIKH. आधारवर NASIM BEE SHAIKH. शाळेच्या दाखल्यावर नसीम बी शेख.

मी म्हटलं, "आपा, हे B काय हाये? आद्याक्षर चालत नाही. पूर्ण लिहून आणा."

"B म्हणजे बी, बाबूजी."

"ते मले समजते. कागदाले समजत नाही."

"मंग कागदाले सांगा ना. सोयाबीनची बी नाही म्हणा, नसीमची बी हाये."

आजूबाजूची टेबलं हसली, मीही हसलो. आणि त्रुटी लिहून फाईल परत केली.

दुसऱ्या वेळी ती प्रतिज्ञापत्र करून घेऊन आली. ते टाइप करणाऱ्यानं Bi लिहिलं होतं. आता बी, B., Bee आणि Bi अशी चार झाली. मी चारही लाल पेनानं अधोरेखित केली आणि तिच्यापुढं फाईल फिरवली. "एका बाईची चार नावं कशी, आपा?" तिनं एकेका लाल रेघेवर बोट ठेवून पाहिलं. साहेब तिथंच उभे होते. ते म्हणाले, "तुम्ही ओळखता ना यांना? तसं लिहा, मी सही करतो." मी म्हटलं, "साहेब, ऑडिटला उत्तर मला द्यावं लागते." मागं एकदा नावाच्या घोळात एका सहकाऱ्याला नोटीस निघाली होती, ती माझ्या डोक्यात होती. साहेब खांदे उडवून आत गेले. मी दुसरी त्रुटी लिहिली. हे B. मुळात कुठून आलं ते पाहण्यासाठी ट्रेनिंगच्या मूळ प्रवेश अर्जाची सत्यप्रत जोडावी.

ती त्यासाठी वाशिमला तीनदा गेली हे मला नंतर कळलं. तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा मीटिंगचा दिवस होता, ऑफिस भरलेलं होतं. मुदत संपायला आठ दिवस होते. ती समोर बसली, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत हात घातला तेवढ्यात मीच सुरू झालो. आजूबाजूला लोक असले की मला माझं काम समजावून सांगायची हौस येते. मी म्हटलं, "मुळात ज्यानं तुमचा हा फॉर्म भरला ना आपा, त्याले अक्कल नव्हती. बी पुढं टिंब देऊन मोकळा झाला. आता निस्तरा तुमी."

तिचा हात पिशवीतच राहिला. मग तिनं तो बाहेर काढला, रिकामा.

"लहान होतं पोरगं, दिलीप," ती म्हणाली. "अक्षर मात्र सोन्यासारखं होतं त्याचं."

मला त्यात एकच गोष्ट खटकली. चार माणसांसमोर तिनं मला नुसतं दिलीप म्हटलं. "ते जाऊ द्या," मी म्हटलं. "प्रत आणली का?"

"नाही भेटली."

पुढच्या आठ दिवसांत ती दोनदा येऊन बाहेरच्या बाकावर बसून गेली. दोन्ही वेळा मी मीटिंगमध्ये असल्याचा निरोप तिला मिळाला. एकदा मी खरोखर मीटिंगमध्ये होतो, एकदा नव्हतो. मला वाटलं ती हातापाया पडेल, आणि मला ते नको होतं. आठव्या दिवशी मी फाईलवर लिहिलं, "त्रुटीची पूर्तता न झाल्याने पडताळणी करता येत नाही." नोंदणी संपली. नोंदणी नाही म्हणून कंत्राट पुढं वाढलं नाही, आणि नोंदणी नसताना सेवा देऊ नये असं पत्र मीच लिहून पाठवलं. सोळा वर्षांची सेवा होती.

चार्ज देताना तिनं उपकेंद्रातल्या प्रत्येक वस्तूची यादी केली. वजनकाटा, लसीचा डबा, कात्र्या, सतरंजी, अगदी दाराच्या मागचा खिळासुद्धा. नव्या सिस्टरनं सही केली. यादीत चूक नव्हती. राजपत्रात देऊन नाव दुरुस्त करायचा रस्ता अजून होता, तो मी तिला नंतर घरी जाऊन सांगितला. निदान तेवढं तरी केलं असं मला तेव्हा वाटत होतं. ती म्हणाली, "माह्या नावात काय दुरुस्त करायचं, भाऊ? नाव बरोबरच हाये माह्यं."

पुढच्या वर्षी माझी आई आजारी पडली. दवाखान्यातून घरी सोडताना सात दिवस रोज एक इंजेक्शन सांगितलं होतं. मी सरळ आपाकडे गेलो. रफिकच्या कारखान्यात ती गादीवर बसून टाके घालत होती. हातात गाद्या शिवायची ती वीतभर लांब सुई. मी सांगितलं, औषध आणलं आहे, समोरच्या घरात यायचं, पाच मिनिटांचं काम. तिनं टाका पूर्ण केला, दोरा तोडला आणि म्हणाली, "नाही जमत भाऊ."

"काहून?"

"नंबर नाही माह्याजवळ."

"आपा, मायचा दंड हाये. घरचंच काम हाये. कोण पाहते?"

"तुमीच लिहून पाठवलं ना, नोंदणी नसतानी सेवा देऊ नये म्हणून? बरोबरच लिहिलं तुमी. गावातल्या बायायले मी इतकी वर्षं काय सांगत होती मंग?" तिनं हातातली सुई वर केली. "आता मले ही सुई चालते. ते नाही."

हे ती टोमणा म्हणून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती तसं बोलली नाही. चप्पल घालून माझ्याबरोबर आली, आईला उठवलं, ऑटोत बसवलं आणि सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. सातही दिवस. बरोबर अकराला. बायको सोबत असायची. ती सांगायची की रांगेत आपा उभी राहते आणि आईला बाकावर बसवते. आणि सुई देणाऱ्या पोरीला आपा रोज हळूच नंबर विचारते. चौथ्या दिवशी ती पोरगी तोंडपाठ सांगायला लागली. आई मात्र घरी आल्यावर माझ्याकडे पाठ करून झोपायची. एकदा म्हणाली, "त्या पोरीनं तुह्यं लेकरू जन्माले घातलं. तुले तिचं नाव माहीत नव्हतं का रे?" मी आईला नियम समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतला.

आपा गेली त्याच्या दहाव्या दिवशी रफिक घरी आला. मृत्यूची नोंद करायची होती. त्यानं प्लास्टिकची एक फाईल माझ्यासमोर ठेवली. "यातून काय लागते ते काढून घ्या भाऊ. आमाले काय समजते? फॉर्म तुमीच भरा." मी आधार शोधायला लागलो. तिच्या सगळ्या फायलींसारखीच ती नीट लावलेली होती, जुनं खाली, नवं वर. मधेच एक सत्यप्रत होती. शिक्का, सही, तारीख. तारीख त्या मीटिंगच्या दोन दिवस आधीची.

ती ट्रेनिंगच्या प्रवेश अर्जाची प्रत होती. चार पानं, एकही खाडाखोड नाही. S ची शेपटी जरा जास्त लांब, जशी मी अजूनही काढतो. नावाच्या रकान्यात NASIM, मग B, आणि B च्या पुढं एक टिंब. झेरॉक्समध्येही ते ठसठशीत उतरलं होतं.

तो फॉर्म भरल्याचा अभिमान मी बत्तीस वर्षं जपला, पण फाईल तपासताना तो हाच फॉर्म हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं; आता सगळं आठवलं. ओट्यावर मी तिला विचारलं होतं, "ही बी काय हाये तुमच्या नावात?" ती म्हणाली होती, "बी म्हणजे बी. तुमच्यात बाई लावतेत ना, तसंच." आमच्या कॉलेजात प्राध्यापकांच्या नावांची लाकडी पाटी होती. प्रत्येक नावात एकदोन इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्यापुढं टिंबं. मला ते फार शिकलेलं वाटायचं. मी बीचा B केला आणि टिंब दिलं. ती वाकून बघत होती. म्हणाली, "टिंब कायले देलं?" मी म्हटलं, "इंग्रजीत देतातच." त्यावर ती म्हणाली, "बरं. तुले समजते."

रफिकनं विचारलं, "काय झालं भाऊ?" मी कागद त्याच्याकडे फिरवला आणि म्हटलं, हे माझं अक्षर आहे. तो म्हणाला, "माहीत हाये."

कागद परत माझ्याकडे सरकवून तो म्हणाला, "तिनं घरी येऊन सांगतलं होतं. मी म्हटलं, जाऊन टेबलावर आपट त्याच्या. तं म्हणे, चार लोकांत बोलला तो, आता चार लोकांत त्याचंच बोलणं त्याच्या अंगावर कसं टाकू? एकट्यात दाखवीन म्हणे. दोनदा गेली ना तुमच्याकडं..."

"हो," मी म्हटलं.

"मंग मुदत गेली. मंग म्हणे, आता दाखवून काय फायदा, त्याच्या जिवाले लागून राहीन."

ती प्रत जोडली असती तर नूतनीकरण नक्की झालं असतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित आणखी काही विचारलं गेलं असतं. पण तिची गरजही नव्हती, हे मी सांगू शकतो. साहेब सही करायला तयार होते. मी फक्त एवढंच लिहायचं होतं: "'बी' हे आद्याक्षर नसून नावाचाच भाग आहे, दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे." बारा शब्द. नियमानं मला विचारलेला प्रश्न बरोबर होता. ही तीच बाई आहे का? त्याचं उत्तर मला कोणत्याही कागदाशिवाय माहीत होतं. माहीत असून मी ते तिच्याकडून तीनदा मागितलं, आणि तिनं तिसऱ्यांदा आणलं तेव्हा माझ्या बडबडीनं ते पिशवीतच राहिलं.

त्या रात्री माळ्यावरून माझी जुनी वही काढली. त्यात आपा धरून नऊ बायांच्या नावात बी आहे. नऊही फॉर्म इंग्रजी होते की नाही ते आठवत नाही. आत्तापर्यंत चौघींचा पत्ता लागला. एकीच्या पेन्शनच्या कागदावर ते टिंब अजून आहे, त्याचं काम मी करतो आहे. यानं आपाचं काही भरून निघत नाही हे मला कळतं.

मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म मी भरला. तिच्यासाठी भरलेला दुसरा फॉर्म. मराठीत 'नसीम बी शेख रहीम' लिहिलं. नगरपालिकेच्या खिडकीतल्या मुलीनं संगणकावर नाव टाकलं आणि विचारलं, "बी म्हणजे काय?"

"बी म्हणजे बी," मी म्हटलं.

संगणकाचा पडदा माझ्याकडे अर्धवट वळलेला होता. इंग्रजीच्या रकान्यात तिनं NASIM B. टाकलं होतं. मी म्हटलं, "टिंब काढा. आधारवर आहे तसं पूर्ण लिहा, दोन ई." तिनं काढलं, दोन ई टाकले, मला दाखवलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग तिनं विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?" रफिक बाजूलाच उभा होता. मी म्हटलं, "शेजारी. फॉर्म भरला मी."

ती सत्यप्रत रफिकनं परत घेतली नाही. "तुमचंच अक्षर हाये, तुमच्याजवळ राहू द्या," म्हणाला. ती मी ऑफिसच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे, नावाची तेवढी ओळ दिसेल अशी घडी घालून. समोर बसणाऱ्याला ती उलटी दिसते. तरीही परवा एक नवी सिस्टर फाईल द्यायला आली तेव्हा मान वाकडी करून बघत म्हणाली, "किती छान अक्षर आहे, सर. कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

तिनं फाईल पुढं केली. मी ती उघडली नाही. बाजूला ठेवली, पेनाचं टोपण लावलं आणि तिला म्हटलं, "आधी नाव सांगा तुमचं. तोंडानं."